सोडायला येणाऱ्यांचा रकाना

शीला पांढरीपांडे यांनी चौतीस वर्षं सरकारी नोकरीत मोजामोजी केली. माणसं मोजली, विहिरी मोजल्या, बैल, मोटारपंप, शिलाई मशीन, जे मोजा म्हटलं ते मोजलं. यवतमाळच्या त्यांच्या कार्यालयात त्यांच्या आकड्याला हात लावायच्या भानगडीत कोणी पडत नसे. एकदा एका साहेबांनी विहिरींचा आकडा जरा गोल करून द्या म्हटलं, तर "विहीर गोल असते साहेब, आकडा नसतो," असं सांगून बाईंनी फाईल उचलली आणि जागेवर जाऊन बसल्या. ही हकीकत त्या निवृत्त होईपर्यंत कार्यालयात सांगितली जाई, आणि सांगणाऱ्यांत पहिला नंबर खुद्द शीलाबाईंचा असे.

म्हणून पुढे जे घडलं ते जास्त लाजिरवाणं. एखाद्या ढिसाळ माणसाने केलं असतं तर कोणाला त्याचं काही वाटलंही नसतं.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी नागपूरहून फोन आला. विमानतळाच्या इमारती वाढवायच्या, जुन्या नव्या करायच्या, त्याचा आराखडा एक सल्लागार कंपनी तयार करत होती. नागपूरहून उडणारी माणसं काही सगळी नागपूरची नसतात. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून येणारी कशी येतात, किती सामान आणतात, किती आधी पोचतात, हे त्यांच्या घरी जाऊन विचारायचं होतं. यवतमाळ जिल्ह्यासाठी कोणीतरी बाईंचं नाव सुचवलं. यवतमाळच्या लोहारा भागातल्या घरी कुंड्यांना पाणी घालून आणि नवऱ्याशी शब्दकोड्यावरून वाद घालून बाई विटल्या होत्या. तासाभरात त्यांनी होकार कळवला.

"तू विमानात किती वेळा बसलीस?" यज्ञेश्वररावांनी विचारलं. ते शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि बायकोला चिमटा काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

"दोनदा."

"आणि विमानतळ बांधणार."

"बैल मोजले तेव्हा मी काय नांगर ओढला होता?"

फॉर्ममध्ये एकवीस रकाने होते. त्यातला सतरावा असा: प्रवाशाला सोडायला किती माणसं आली? या रकान्याचं महत्त्व शाल्मलीने फोनवर समजावलं. शाल्मली म्हणजे आराखड्याचं काम बघणारी प्रमुख, वय जेमतेम चौतीस, पण बोलणं नेमकं. बाईंना ती पहिल्याच फोनमध्ये आवडली.

"मॅडम, या आकड्यावर दाराबाहेरची जागा ठरते," ती म्हणाली. "छप्पर, बाकं, पाणी, बाथरूम. आत जाणाऱ्यांचं सगळेच बघतात. बाहेर राहणाऱ्यांचं कोणी बघत नाही."

बाईंनी दोन महिन्यांत दोनशे चौदा घरं केली. गेल्या दोन वर्षांत ज्या घरून कोणी विमानाने गेलं, ती घरं. दिग्रसला एका कापसाच्या जिनिंगवाल्याची मुलगी शिकायला परदेशी गेली तेव्हा तिला सोडायला एकतीस माणसं गेली होती, फक्त बँड नेला नव्हता. पुसदकडे एका घरून सतरा. जिथे तिथे हेच. रात्रीच्या रात्री जागून हिशेब करायची बाईंना सवय नव्हती. रोज दुपारी जेवण झालं की त्या त्या दिवसाचे फॉर्म मांडायच्या, आणि रोज त्यांच्या कपाळाला आठी पडायची. सरासरी नऊ पूर्णांक तीनच्या खाली यायचं नावच घेत नव्हती.

आठी का पडायची ते सांगायला हवं. बाईंचं माहेर वकिली आणि कारकुनी करणाऱ्यांचं. त्या घरात मोठ्याने हसणं, मोठ्याने रडणं, चारचौघांत गळ्यात पडणं ही तिन्ही अडाणीपणाची लक्षणं मानली जात. धाकटा भाऊ अमेरिकेला निघाला तेव्हा वडील एकटेच धामणगाव स्टेशनपर्यंत गेले. आईने उंबऱ्याच्या आतून हात हलवला. निरोप घरातच घ्यायचा असतो, बाहेर घेतात तो तमाशा, असं वडील म्हणत. बाई संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्या, जग बघितलं, पण हे वाक्य त्यांच्या अंगातून गेलं नाही.

मारेगावजवळच्या एका खेड्यात त्या किसनराव ढवस यांच्या घरी गेल्या. त्यांचा मुलगा कपिल मस्कतला एका दवाखान्यात नर्स होता. तो पहिल्यांदा गेला तेव्हाची चौकशी करायची होती.

"कोण कोण गेलं होतं सोडायला?"

"गेलतो आमी पाच-सात जनं," किसनराव म्हणाले.

अंगणाला आडवी कमरेएवढी भिंत होती. भिंतीपलीकडून एक बाई उठली, वळसा घालून आली आणि न बोलावता बाजेवर बसली. ही कोकिळाबाई, किसनरावांची थोरली भावजय.

"पाच-सात कायले? अकरा होतो. याले मोजता येत नाई, बाई. मी सांगतो, तुमी लिवा." आणि तिने बोटांवर मोजलं. "गाडीवाला धरू का?"

"तो नाही धरायचा."

"काहून? थो बी रडला ना."

बाईंनी त्याला धरला नाही. मग फॉर्ममध्ये नसलेला एक प्रश्न त्यांनी विचारला, आणि जरा फटकळपणेच विचारला. "एका माणसाला सोडायला एवढे लोक कशाला हो लागतात?"

"एकटा कसा जाईन थो?" कोकिळाबाईने विचारलं, जणू प्रश्नच वेडगळ होता. "माय मेली तवा कपिल सा महिन्याचा होता. माह्याच मांडीवर वाढला. दहा वर्साचा झाला आन भावाभावायच्या वाटण्या झाल्या, तवा अंगनात ह्ये भीत आली. थो आत गेला म्हनून आपन निंगून याचं का? इमान वर जाईपर्यंत कोनी हालत नाई. पोटात घास बी टाकत नाई. इमान दिसेनासं झालं का मंग भाकर सोडाची, सगळ्यायनं मिळून खाची, मंग गाडीत बसाचं."

"आणि तोवर बसता कुठे?"

"बसतो कुटी बी. झाडाखाली. तुमी हे कायले लिवून राह्यल्या?"

"नव्या इमारतीत सोडायला येणाऱ्यांसाठी जागा करायचा विचार आहे."

कोकिळाबाई बाजेवर पुढे सरकली. "आमच्यासाठी?"

"हो."

"मंग माह्यं नाव लिवा. कोकिळा ढवस. मोठीमाय लिवा, काकू नोका लिवू."

फॉर्ममध्ये सोडायला आलेल्यांच्या नावाला जागा नव्हती. बाईंनी समासात पेनाने लिहिलं: कोकिळा ढवस, मोठीमाय. समासात लिहिणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं, तरी लिहिलं.

आता नागपूरची बैठक. कंपनीच्या कार्यालयात लांबलचक टेबल, भिंतीवर पडदा, आणि एवढा गारवा की बाईंनी पदर खांद्यांभोवती ओढून घेतला. निरनिराळ्या जिल्ह्यांतून माहिती गोळा करणारे सगळे आले होते. बैठक सुरू व्हायला वेळ होता म्हणून सलील नावाच्या एका तरुण आर्किटेक्टने कुठल्याशा विमानतळावर काढलेला फोटो पडद्यावर लावला. पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरलेली, दहा-बारा माणसं गोल बसलेली, मधोमध डबे, आणि एक म्हातारी कांदा फोडतेय.

"टर्मिनल तीन," सलील म्हणाला. "इथे चेक-इन नाही, थेट पंगत."

सगळे हसले. शीलाबाईही हसल्या. नुसत्या ओठांनी नाही, मान मागे टाकून हसल्या.

मग आकडे वाचले गेले. कुठे एक पूर्णांक आठ, कुठे दोन पूर्णांक दोन. सलील बाईंकडे वळला. "आणि यवतमाळ, मॅडम? तुमच्याकडे टेम्पो भरून येत असतील."

बाईंच्या पुढ्यातल्या कागदावर नऊ पूर्णांक तीन हा आकडा निळ्या शाईत लिहिलेला होता. त्यांनी कागदावर हात ठेवला.

"अजून पक्का व्हायचाय," त्या म्हणाल्या. "अडीचच्या आसपास."

कोणी दचकलं नाही, कोणी शंका घेतली नाही. शाल्मलीने मात्र एकदा मान वर करून बघितलं आणि टिपून घेतलं.

परतीच्या एस.टी.त बाईंनी स्वतःला बरंच काही समजावलं. पण बोललेला आकडा आता खरा करून दाखवायला हवा होता, आणि इथे त्यांनी जे केलं ते अडाणी माणसाला जमलंच नसतं. त्यांनी एकाही फॉर्मवर खाडाखोड केली नाही. नुसती व्याख्या बदलली. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. बाईंनी अहवालाखाली बारीक अक्षरात टीप टाकली: 'सोडायला आलेले म्हणजे प्रवाशाच्या चुलीवर जेवणारे सदस्य.' झालं. आत्या गेल्या, मामे गेले, शेजारी गेले, मास्तर गेले. ढवसांच्या घरचे अकरा होते ते तीन उरले: किसनराव, त्यांची म्हातारी आई आणि कपिलची बहीण. जिल्ह्याची सरासरी आली दोन पूर्णांक सहा. कोणी विचारलं असतं तर व्याख्या दाखवता आली असती. कोणी विचारलंच नाही.

महिन्याभराने आराखड्याचा मसुदा आला. काचा, उजेड, सरकते पट्टे, सगळं देखणं. दाराबाहेर गाड्यांसाठी एक रांग, तिथे तीन मिनिटं थांबायचं, माणूस उतरवायचा आणि निघायचं. बाकं नव्हती, छप्पर नव्हतं. पाठोपाठ शाल्मलीचा फोन आला.

"मॅडम, पहिल्या खेपेला मी बाहेर एक मोठी छपरी काढली होती. माझी आजी अशीच यायची सगळ्यांना सोडायला. पण आकडे म्हणतात, लोक सोडतात आणि जातात. मग एवढी जागा मी कोणत्या तोंडाने मागू? खरं सांगू, यवतमाळवर माझी फार भिस्त होती."

"हं," बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी ओटा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

आणि ऑक्टोबरात कोकिळाबाईचा फोन आला. कपिल सुटीवर आला होता, आता परत निघाला होता.

"तुमी याच लागते, म्याडम. ती जागा कुटी होनार ते दाखवा आमाले. साऱ्यायले सांगून ठेवलं मी."

नाही म्हणायला बाईंकडे कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. त्या सकाळच्या एस.टी.ने नागपूरला पोचल्या. विमानतळावर ढवस मंडळी गाडीतून उतरत होती. बाईंनी सवयीने, कपिलला वगळून, मोजलं. अकरा. ऑक्टोबरचं ऊन असं की डांबरावर नजर ठरत नव्हती. कपिल चांगला सहा फुटी गडी, जॅकेट हातावर, सगळ्यांच्या पाया पडत शेवटी कोकिळाबाईपाशी आला. तिने त्याच्या तळहातावर दही-साखर घातली.

"आत गेल्यावर हात धू, चिकट होईन," ती म्हणाली.

"मोठीमाय, तू रडू नको."

"मी कायले रडू? उनाचं पानी येऊन राह्यलं डोयात."

तो आत गेला. काचेमागे थोडा दिसला, मग दिसेनासा झाला. विमानाला अजून दोन तास होते. किसनरावांच्या म्हाताऱ्या आईला गाडीच्या सीटवर आडवं केलं, दार उघडं ठेवलं, आणि एकजणी तिला वर्तमानपत्राने वारा घालू लागली. बाकीचे झाडाच्या सावलीत, सावली सरकेल तसे सरकत बसले. कोकिळाबाई बाईंचा हात धरून हिंडत होती.

"इथंच होईन का छपरी? का त्या अंगाले?"

"ते अजून ठरायचंय."

"या म्याडमनं आपल्याले लिवलं बरं," ती नातेवाइकांना सांगू लागली. "अकराच्या अकरा. माह्यं तर नाव बी हाय. हाय ना, म्याडम?"

"आहे," शीलाबाई म्हणाल्या.

समासात होतंच. शब्दाला शब्द खरा होता, आणि एवढं मोठं खोटं त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या. कान तापले. त्यांना वाटलं, ऊन असेल. पण त्या तेव्हा सावलीत उभ्या होत्या.

विमान उठलं तेव्हा अकरा माणसं कपाळावर हात धरून उभी राहिली. म्हातारीलाही उठवून धरलं. ते पांढरं टिपूस विरून गेलं तरी कोकिळाबाई बघत राहिली, मग वळली आणि म्हणाली, "चला, जेवा आता." पहिली भाकर तिने शीलाबाईंच्या हातावर ठेवली, वर ठेचा. कोकिळाबाई बघत होती म्हणून त्यांनी ती सगळी खाल्ली.

तिथून बाई ऑटो करून थेट कंपनीच्या कार्यालयात गेल्या. शाल्मली होती, सलीलही होता. बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी सांगितलं: खरा आकडा नऊ पूर्णांक तीन, मी व्याख्या बदलली, टीप अहवालाखाली आहे, मूळ फॉर्म घरी आहेत.

शाल्मलीने संगणकावर ती टीप काढून वाचली. दोनदा वाचली असावी.

"का, मॅडम?"

"तो फोटो लावला होता तेव्हा सगळे हसले. माझ्या जिल्ह्याला कोणी हसू नये असं वाटलं."

"मॅडम, मी नुसती गंमत करत होतो," सलील पुटपुटला.

"मीही हसलेच होते," बाई म्हणाल्या. "तुझ्यावर ढकलायला नाही आले."

शाल्मली रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मसुद्यावर सूचना घ्यायला अजून पाच आठवडे आहेत. छपरी परत मागता येईल. पण मॅडम, आता मी कोणता आकडा धरू? वरून कोणी विचारलं तर काय सांगू? आमच्या बाईंनी आधी लाज वाटली म्हणून कमी केला, आणि मग लाज वाटली म्हणून वाढवला?"

चौतीस वर्षांत बाईंना असं कोणी बोललं नव्हतं, आणि या मुलीचं एक अक्षर चूक नव्हतं.

"जिल्हा नव्याने विचारावा लागेल. दुसऱ्या कोणाला तरी पाठवून," शाल्मली म्हणाली. "आणि अहवालावर तुमचं नाव नाही ठेवता येणार."

"नकोच ठेवू."

घरी त्यांनी यज्ञेश्वररावांना सगळं सांगितलं. ते चिमटा काढतील अशी तयारी करून बाई बसल्या होत्या. पण ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"मला एक कळलं नाही," ते म्हणाले. "तुला लाज वाटली ती त्या ताडपत्रीवरच्या माणसांची, की टेबलाभोवतीच्या?"

"तेव्हा ताडपत्रीवरच्यांची."

"आणि आता?"

"आता विचारू नका."

नव्याने विचारायला निघालेली मुलगी दिपाली. ती मारेगावकडे कोणत्या दिवशी जाणार ते बाईंनी विचारून घेतलं, कारण कोकिळाबाईला हे परक्या पोरीकडून कळू द्यायचं नव्हतं. त्या दिवशी त्या तासभर आधी पोचल्या. किसनराव अंगणात दोरी वळत होते. भिंतीपलीकडे कोकिळाबाई ज्वारी निवडत बसली होती. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि आडवळण न घेता बोलल्या.

"म्हंजे मी नवती गेली कपिलले सोडाले?" कोकिळाबाईने विचारलं.

"तुम्ही गेला होतात. मी मोजलं नाही."

"काहून?"

"एका चुलीवरचेच धरले."

सुपातले हात थांबले. "दहा वर्सं थो कोनाच्या चुलीवर जेवला?"

"तुमच्या."

"हे तुमाले सांगतलं होतं मी."

"सांगितलं होतं."

"म्हंजे माहीत नवतं म्हनून नाई लिवलं, असं नाई."

"नाही."

"लाज वाटली आमची?"

"हो," बाई म्हणाल्या. एवढा एक शब्द काढायला त्यांना यवतमाळपासून इथवर यावं लागलं होतं.

कोकिळाबाई पुन्हा निवडू लागली. एक खडा, दोन खडे, बाजूला. "मी तर साऱ्यायले सांगत फिरली," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. चहाचं तिने विचारलं नाही. पहिल्या दिवशी न मागता तिने दोनदा चहा पाजला होता.

दिपाली आली. हातात टॅबलेट, पायात बूट, चटपटीत पोरगी. किसनरावांच्या अंगणात बाज टाकली. कोकिळाबाईही वळसा घालून येऊन बसली. शीलाबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दिपालीने या वेळच्या प्रवासाचं विचारलं. सामान किती, गाडी कोणती, किती आधी निघालात. मग सतरावा रकाना.

"सोडायला किती जण होते?"

किसनरावांनी या खेपेला भावजयीकडे बघितलं. कोकिळाबाईने एकेक नाव घेत बोटांवर मोजलं. स्वतःचं नाव तिने शेवटी घेतलं. "अकरा."

"आन म्याडम?" किसनराव भिंतीकडे मान करून म्हणाले. "त्या बी होत्या ना. बारा झाले."

दिपालीने टॅबलेटवरचं बोट उचललं.

"थ्या सोडाले नवत्या आल्या," कोकिळाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "थ्या मोजाले आल्या होत्या."

दिपालीने गोंधळून शीलाबाईंकडे पाहिलं.

"अकराच लिही," बाई म्हणाल्या.